चार्जरचा दिवा हिरवा, पण फवारणी दोनच पंप: बॅटरीचं नेमकं काय झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १६ लिटरचा पाठीवरचा बॅटरी पंप, त्यात १२ व्होल्ट ८ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे साठवणक्षमता) शिसं-आम्लाची सीलबंद बॅटरी. मागच्या खरिपात नवा घेतला. हरभऱ्याची शेवटची फवारणी जानेवारीत झाली, मग पंप शेडमध्ये टांगून ठेवला. जूनमध्ये चार्जिंगला लावला तर वीस मिनिटांत चार्जरचा दिवा हिरवा झाला, आणि शेतात नेल्यावर दुसऱ्या पंपालाच, म्हणजे दुसऱ्यांदा भरलेल्या टाकीलाच, मोटर मंदावली. दुकानदार म्हणतो बॅटरी बदला. ती परत चालू होईल का, आणि नवी घेतली तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच होऊ नये म्हणून काय करायचं?

सगळ्यात आधी त्या हिरव्या दिव्याचा अर्थ समजून घ्या, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. बॅटरीत किती चार्ज गेला हे चार्जर मोजत नाही. तो साधारण १४.४ ते १४.८ व्होल्टचा दाब लावून धरतो आणि बॅटरी किती करंट ओढते एवढंच पाहतो. करंट ठरावीक मर्यादेच्या खाली आला की तो दिवा हिरवा करतो. निरोगी बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर ती आठ-दहा तास करंट घेत राहते, आणि भरत आली की तिची भूक हळूहळू कमी होते. तुमच्या बॅटरीला मात्र करंट घेताच येत नाही. ती रिकामी आहे, पण तिची तोंडं बुजली आहेत. चार्जरला दोन्हींतला फरक कळत नाही. वीस मिनिटांत हिरवा दिवा म्हणजे बॅटरी लवकर भरली असं समजू नका. इतकी लवकर कोणतीच शिसं-आम्लाची बॅटरी भरत नाही.

तोंडं बुजतात म्हणजे काय होतं? बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि गंधकाम्ल असतं. बॅटरी वापरली जाते तेव्हा दोन्ही बाजूंच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो. हे नेहमीचंच आहे, प्रत्येक फवारणीत होतं. लगेच चार्ज केलं तर तो थर बारीक, भुसभुशीत असतो आणि विरघळून जातो. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडे-महिने पडून राहिली की त्या बारीक कणांचे मोठे, कडक स्फटिक होतात. ते वीज वाहून नेत नाहीत आणि प्लेटेचा जो भाग त्यांच्याखाली दबला तो कामातून जातो. सल्फेशन म्हणतात ते हेच. म्हणून मी नेहमी सांगतो की पंपाची बॅटरी फवारणीच्या दिवसांत फारशी मरत नाही, ती फवारणी नसताना मरते.

तुमच्या बाबतीत काय झालं असेल त्याचा हिशेब करू. सीलबंद बॅटरी काहीही न वापरता २५ अंश तापमानाला महिन्याला साधारण ३ टक्के उतरते. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग जवळपास दुप्पट होतो. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ४५ अंशांच्या वर तापमान जातं, रात्रीही लवकर उतरत नाही. म्हणजे पाच महिन्यांत ३०-४० टक्के चार्ज नुसता पडून गेला. जानेवारीत शेवटची फवारणी झाल्यावर चार्ज न करताच टांगला असेल तर निम्मी रिकामी बॅटरी आत गेली आणि जूनपर्यंत जवळपास तळाला आली.

दुसरी गळती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. हल्लीच्या पंपांवर व्होल्ट दाखवणारा आकड्यांचा छोटा मीटर असतो, एखादा एलईडी असतो, मोबाइल चार्जिंगची सोय असते. काही पंपांत हे मेन स्विचच्या आधीच जोडलेलं असतं, स्विच बंद केला तरी चालू राहतं. नुसते १० मिलीअँपिअर ओढले जात असतील तरी दिवसाचे २४ तास आणि महिन्याचे ३० दिवस धरले तर ७.२ एएच होतात. तुमची अख्खी बॅटरी ८ एएचची! महिन्याभरात ती कोरडी ठाक करायला एवढंसं लुकलुकणं पुरतं.

तरीही बॅटरी गेली असं ठरवण्याआधी दोन गोष्टी तपासा, कारण हीच लक्षणं बॅटरी चांगली असतानाही दिसू शकतात.

पहिली गोष्ट जोडण्या. पंप रिकामा करा, धुऊन पुसून घ्या आणि बॅटरीच्या कप्प्याचं झाकण उघडा. बॅटरीच्या चपट्या पिनांवर बसवलेले थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकांचे धातूचे जोड, बघा. टाकीतून किंवा पाइपच्या जोडातून गळलेलं औषध या कप्प्यात उतरतं, आणि तांबेयुक्त बुरशीनाशक वापरत असाल तर थिंबलवर हिरवट-निळी खरबरीत पापडी धरलेली दिसेल. थिंबल बोटाने हलवून पाहा. सैल असेल, सहज निघत असेल, तर पंप चालू असताना तिथेच व्होल्ट पडतात आणि मोटर मंदावते. थिंबल काढा, पिन बारीक पॉलिश पेपरने घासा, थिंबलचे कान पक्कडीने किंचित दाबून घट्ट बसवा, वरून पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा. वायरीत फ्यूज असेल तर त्याच्या घरातला गंजही पाहा.

दुसरी गोष्ट चार्जर. हल्ली लिथियम बॅटरीचे पंप गावोगाव आलेत आणि चार्जरची पिन बऱ्याचदा सारखीच असते. घरात दोन पंप असले की चार्जर अदलाबदल होतात. तीन सेलच्या लिथियम पॅकचा चार्जर १२.६ व्होल्टला थांबतो. तो शिशाच्या बॅटरीला लावला तर दिवा लगेच हिरवा होतो आणि बॅटरी कधीच भरत नाही. तेव्हा चार्जरवर काय छापलंय ते वाचा: १२.६ व्होल्ट असेल तर तो तुमच्या पंपाचा नाही. उलटी चूक जास्त धोक्याची आहे. शिशाच्या बॅटरीचा १४.५ व्होल्टचा चार्जर त्या लिथियम पॅकला लावला आणि आतलं संरक्षण निकामी असेल तर पॅक पेट घेऊ शकतो. दोन्ही चार्जरना वेगळ्या रंगाची टेप लावून ठेवा.

आता मीटर घ्या. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, आणि बॅटरी पंप वापरणाऱ्याच्या घरी तो असावाच. बॅटरी चार्ज करून चार्जर काढा, एक थिंबल सोडवा आणि बॅटरी सहा-आठ तास तशीच ठेवा. चार्जर काढल्या काढल्या मोजलेला आकडा नेहमी फुगीर असतो, त्यावर जाऊ नका. रात्रभर विसावलेली चांगली बॅटरी १२.८ ते १२.९ दाखवते. १२.५-१२.६ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२-१२.३ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव, आणि ११.८ ला ती रिकामी समजा. नीट चार्ज करूनही आकडा १०.५ ते १०.८ च्या आसपास अडकत असेल तर सहापैकी एक सेल आतून शॉर्ट झालाय. प्रत्येक सेल साधारण दोन व्होल्टचा, म्हणून बरोबर दोन व्होल्ट कमी दिसतात. अशा बॅटरीला काही उपाय नाही. ती चार्जरवर तासन् तास ठेवली तर गरम होईल, भरणार नाही. तशीच गत फुगलेल्या बॅटरीची. बाजूच्या भिंती बाहेर आलेल्या दिसल्या तर पुढचं काही करू नका, सरळ बाजूला काढा.

व्होल्ट बरोबर आले म्हणजे बॅटरी चांगली असंही नाही. सल्फेट धरलेली बॅटरी विसाव्यानंतर १२.७ दाखवते आणि लोड टाकला की दहाच्या खाली बसते. म्हणून खरी परीक्षा बल्बची. मोटारसायकलच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ३५/३५ वॅटचा बल्ब घ्या आणि त्याची एकच फिलामेंट बॅटरीला जोडा. तो जवळपास ३ अँपिअर ओढतो, म्हणजे पंपाच्या मोटरइतकाच किंवा थोडा जास्त. बल्ब गरम होतो, तेव्हा तो फरशीवर किंवा विटेवर ठेवा. मीटर बॅटरीच्या पिनांवर लावा आणि घड्याळ बघा. नवी, पूर्ण भरलेली ८ एएचची बॅटरी या लोडवर १०.५ व्होल्टपर्यंत उतरायला साधारण पावणेदोन तास घेते. एका तासाच्या वर गेली तर वापरण्याजोगी आहे. पाऊण तासाच्या आत १०.५ ला आली तर निम्म्याहून जास्त क्षमता गेलेली आहे. पाच-दहा मिनिटांतच बल्ब पिवळा, तांबूस पडत गेला तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं. आकडा १०.५ ला आला की बल्ब लगेच काढा, त्याच्या खाली ओढू नका, आणि लगोलग चार्जिंगला लावा.

इथे एक हिशेब सांगतो, कारण '८ एएच आहे तर २ अँपिअरवर चार तास का चालत नाही' असं अनेकजण विचारतात. डब्यावर '८ एएच/२० एचआर' छापलेलं असतं. त्याचा अर्थ ०.४ अँपिअरच्या मंद लोडवर ती २० तास चालेल. पंपाची एक मोटर साधारण अडीच अँपिअर ओढते, आणि जोरात ओढलं की शिशाची बॅटरी कमी देते. त्या दराने हातात सव्वापाच एएचच्या आसपास येतात, म्हणजे दोन तास. एक पंप आठ मिनिटांत संपतो असं धरलं तर पंधरा पंप. डबल मोटरच्या पंपाला हीच बॅटरी निम्मीही पुरत नाही, त्याला १२ एएच लागते. तुमचे झाले दोन पंप, म्हणजे सोळा मिनिटं. बॅटरीतून पाऊण एएचसुद्धा निघाला नाही. त्यामुळे जोडण्या आणि चार्जर ठीक निघाले तर मोठी आशा ठेवू नका, हे स्पष्टच सांगतो.

पण प्रयत्न करून बघायला हरकत नाही, फक्त तो शिस्तीत करायचा. सल्फेट जितकं जुनं तितकं घट्ट. महिना-दोन महिने उतरलेली पडलेली बॅटरी बऱ्यापैकी परत येते, चार-पाच महिने पडलेली थोडीच येते. यासाठी व्होल्ट आणि करंट दोन्ही ठरवता येतील असा डीसी सप्लाय लागतो. मोबाइल किंवा टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात तो असतो. व्होल्ट १४.७ ला लावा आणि करंटची मर्यादा ०.४ अँपिअर ठेवा, म्हणजे ८ एएचचा विसावा भाग. बॅटरीचा प्लस सप्लायच्या प्लसला जोडलाय ना हे दोनदा बघा. सुरुवातीला करंट जवळजवळ शून्य दिसेल, २०-३० मिलीअँपिअर. इथे घाबरून काढू नका. काही तासांनी तो हळूहळू चढू लागला तर स्फटिक सुटत आहेत. मर्यादेपर्यंत चढून मग पुन्हा उतरू लागला तर बॅटरी भरत आहे. यात चोवीस तासही जातात, कधी दीड दिवस. दर तासाला बॅटरीच्या बाजूला तळहात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल इतकी तापली तर बंद. चोवीस तासांत करंट जागचा हललाच नाही तर तिथेच थांबा.

करंट चढला असेल तर बल्बची परीक्षा घ्या, १०.५ ला थांबवा, पुन्हा तसंच चार्ज करा. अशा दोन-तीन फेऱ्यांत वेळ वाढत जातो. वीस मिनिटांची पन्नास झाली, मग पासष्ट, तर उपयोग झाला. तिसऱ्या फेरीतही वाढ नसेल तर जेवढी परत यायची होती तेवढी आली. पाऊण तास देणारी बॅटरी परसबागेच्या फवारणीला किंवा गोठ्यातल्या एलईडी बल्बला चालते. एकरभर सोयाबीनला ती घेऊन जाऊ नका, मध्येच पुन्हा तळापर्यंत ओढली जाईल.

कधी बॅटरी इतकी उतरलेली असते की मीटर चार-पाच व्होल्टच दाखवतो. पंपाचा चार्जर तिला ओळखतच नाही, दिवाही पेटत नाही. तिलाही वरच्या सप्लायने सुरुवात करून देता येते. ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायरीने थेट जोडून 'झटका' देण्याची पद्धत मात्र सोडा. ८ एएचच्या बॅटरीला जास्तीत जास्त २.४ अँपिअरपर्यंतचा करंट सोसतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीला असली काही मर्यादा नाही, वायर तापते, ठिणगी पडते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असेल तर ती ठिणगी महागात पडते.

दोन उपाय तुम्हाला कुणी ना कुणी नक्की सांगेल, म्हणून त्यांच्याबद्दलही लिहितो. एक म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. पिकाला द्यायला घरात असतंच, ते पाण्यात विरघळवून बॅटरीत घालायचं. त्याने काचेच्या तंतूंच्या पॅडमधलं आम्ल बिघडतं आणि कडक झालेलं लेड सल्फेट विरघळत नाही. करू नका. दुसरा उपाय म्हणजे वरचं झाकण उचकटून, रबरी टोप्या काढून प्रत्येक सेलमध्ये दोन-तीन मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घालणं. याला थोडा आधार आहे. महिनोन् महिने जास्त चार्जिंग झालेल्या बॅटरीतलं पाणी वायू होऊन व्हॉल्व्हमधून निघून जातं, पॅड कोरडे पडतात, आणि पाणी दिलं की थोडी क्षमता परत येते. पण तुमची बॅटरी पडून गेलीय, जास्त चार्जिंगने सुकलेली नाही. शिवाय एकदा उचकटलेलं झाकण कारखान्यासारखं बसत नाही. यूपीएसमध्ये टेबलाखाली ठेवलेल्या बॅटरीत हा प्रयोग एखादा करेल. फवारणी पंपाची बॅटरी टाकीखाली, तुमच्या कमरेला टेकलेली असते, वाकताना पंप तिरपा होतो आणि तिथून झिरपलेलं आम्ल सदऱ्यातून कातडीपर्यंत येतं. पंपाच्या बॅटरीत मी हे कधीच सुचवत नाही.

आता नवी घेताना. ७, ८ आणि ९ एएचच्या बॅटऱ्यांचा डबा एकाच मापाचा असतो, साधारण १५१ मिमी लांब, ६५ रुंद, ९४ उंच. १२ एएचची रुंदी ९८ मिमी, ती तुमच्या कप्प्यात बसणार नाही. एकसारख्या डब्यामुळे बाजारात लेबलावर ८ किंवा ९ छापून आत शिसं कमी भरलेल्या बॅटऱ्याही मिळतात. लेबल बघून ते कळत नाही, वजन करून कळतं. चांगली ८ एएचची बॅटरी २.३ ते २.६ किलो भरते. सव्वादोन किलोच्या खाली असेल तर घेऊ नका. १२ एएचची साडेतीन किलोच्या आत नको. किराणा दुकानाचा काटा त्यासाठी पुरेसा आहे. मग मीटर लावा. दुकानात १२.५ च्या खाली आकडा दाखवणारी बॅटरी फडताळात बराच काळ पडलेली आहे, म्हणजे तुमच्या जुनीचा रोग तिला आधीच लागलाय. उत्पादनाचा महिना छापलेला असेल तर तोही बघा आणि पावतीवर तारीख घालून घ्या. जुन्या-नव्या बॅटरीच्या पिना उलट बाजूंना असू शकतात, तेव्हा लाल वायर लाल खुणेच्या पिनेलाच जाऊ द्या. उलटं जोडलं तर वेग कमी-जास्त करणारी बटणाची पट्टी जळते.

नव्या बॅटरीच्या अंगावर दोन आकडे छापलेले असतात: रोजच्या वापरासाठी १४.४ ते १५ व्होल्ट, आणि कायम जोडून ठेवण्यासाठी १३.५ ते १३.८ व्होल्ट. पंपाचा वापर पहिल्या प्रकारात मोडतो. तुमचा चार्जर कसा आहे ते एकदा तपासून ठेवा. दिवा हिरवा झाल्यावर तासाभराने, चार्जर चालूच असताना, बॅटरीच्या पिनांवर मीटर लावा. आकडा १३.६-१३.८ ला उतरला असेल तर चार्जर हुशार आहे, रात्रभर राहिला तरी चिंता नाही. १४.४-१४.८ लाच थांबला असेल तर हिरव्या दिव्यानंतर दोन-तीन तासांनी काढायला हवा. दिवसेंदिवस तसाच ठेवला तर बॅटरी सुकते. १५ च्या वर जात असेल तर चार्जर बदला, बॅटरीपेक्षा तो स्वस्त आहे.

हिरव्या दिव्यानंतरचे ते दोन-तीन तास वाया जात नाहीत. शेवटचे दहा-पंधरा टक्के अगदी हळू भरतात, आणि ते न भरताच रोज पंप नेला तर सल्फेटचा थोडा थर रोज मागे राहतो. १ अँपिअरच्या चार्जरने पूर्ण उतरलेल्या ८ एएचच्या बॅटरीला दहा तास लागतात, कारण जेवढं काढलं त्याच्या सव्वापटीपर्यंत परत घालावं लागतं. निम्मी उतरली असेल तर सहा-सात तास. म्हणून फवारणी करून आलात की त्याच संध्याकाळी लावा. 'उद्या परवा फवारायचंय, तेव्हा लावू' हे टाळा. एक तास जाऊ द्या म्हणजे तापलेली बॅटरी निवेल, मग रात्री घरात लावा. छापलेले व्होल्ट २५ अंशांचे असतात. वर प्रत्येक अंशाला ०.०३ व्होल्ट कमी लागतात, म्हणजे ४० अंशांत १४.४ ऐवजी १४ च पुरतात. चार्जरला हे कळत नाही, तो १४.७ च लावत राहतो. भर दुपारी पत्र्याखाली केलेलं चार्जिंग म्हणून बॅटरीला घातक ठरतं.

घरात लावताना पंप आधी तीन पाण्यांनी धुवा, किंवा बॅटरी काढून फक्त तीच आत आणा. विषारी औषधाचा पंप लेकरं झोपतात त्या खोलीत रात्रभर नको. बॅटरी उभी ठेवा, उलटी नको, तिच्यावर पोतं किंवा गोधडी टाकू नका, चुलीजवळ ठेवू नका.

वापरताना तळापर्यंत ओढणं टाळलंत तर आयुष्य सरळ दुप्पट होतं. दर वेळी पूर्ण रिकामी केलेली बॅटरी साधारण दोनशे-अडीचशे चार्जिंग देते, निम्मीच उतरवली तर चारशे-पाचशे. व्यवहारात रोज निम्म्यावर थांबणं जमत नाही हे मान्य. पण पंधरा पंपांच्या बॅटरीवर दहा-अकरा झाले की थांबा. बहुतेक पंपांत कमी व्होल्टला आपोआप बंद होण्याची सोय नसते, मोटर घरघरत चालू राहते आणि बॅटरी आठ-नऊ व्होल्टपर्यंत ओरबाडली जाते. नोझलचा फवारा छत्रीसारखा पसरायचा थांबून धारेवर आला की ती टाकी हाताने संपवा किंवा परत घरी न्या. त्या पातळ फवाऱ्याने पिकावर औषधही नीट बसत नाही. मोठं क्षेत्र असेल तर दुसरी बॅटरी घेऊन आलटून-पालटून वापरणं मला जास्त पटतं.

आणि आता तो मुद्दा ज्याने तुमची बॅटरी गेली. हंगामातली शेवटची फवारणी झाली की पंपातून साधं पाणी फिरवा, कप्पा कोरडा करा. बॅटरी पूर्ण भरा, हिरव्या दिव्यानंतर तीन तास ठेवा. मग लाल थिंबल काढून त्यावर टेप गुंडाळा म्हणजे लुकलुकणाऱ्या मीटरची गळती बंद होईल. बॅटरी शेडमध्ये नको, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा. फरशीवर ठेवलेली बॅटरी जमीन ओढून घेते हा समज प्लास्टिकच्या डब्याला लागू नाही. उलट फरशी थंड असते, तीच जागा चांगली. मध्ये चार्ज करण्याच्या तारखा लक्षात राहाव्यात म्हणून सणांना बांधा: संक्रांतीला भरून ठेवली की पाडव्याला एकदा, आखाजीला एकदा आणि मृगाच्या तोंडावर एकदा. थंडीत दोन-अडीच महिन्यांचं अंतर चालतं, उन्हाळ्यात महिना-सव्वा महिना बरा. प्रत्येक वेळी आधी मीटर लावा. १२.५ च्या वर असेल तर सगळं ठीक चाललंय. त्याखाली येत असेल तर कुठेतरी थिंबल लावलेलं राहिलंय किंवा जागा तापतेय.

झटका मशीनलाही (शेताच्या तारेच्या कुंपणात विजेचा झटका सोडणाऱ्या यंत्रालाही) हीच बॅटरी असते आणि तिथे ती सोलर पॅनेलवर चालते, म्हणून एक वाक्य त्यासाठी. १२ व्होल्टचं म्हणून मिळणारं पॅनेल उन्हात १७-१८ व्होल्ट देतं आणि काही जोडलं नसताना २१-२२ दाखवतं, तेव्हा मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. नुसता डायोड टाकून थेट जोडलेली बॅटरी एका उन्हाळ्यात सुकते, आणि पाऊस लांबून आठवडाभर ढग राहिले तर तीच उतरून सल्फेट धरते.

जुनी बॅटरी बल्बच्या परीक्षेत नापास झाली तर ती उकिरड्यावर किंवा विहिरीच्या कडेला टाकू नका, आणि भंगारवाल्यासमोर फोडायला देऊ नका. शिसं आणि आम्ल दोन्ही मातीत, पाण्यात उतरतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, आणि शिशाला भाव असल्याने बॅटरीचे विक्रेतेही जुनी घेऊन नवीच्या किमतीत थोडी सूट देतात. नेताना दोन्ही पिनांवर टेप लावा. मेलेली वाटली तरी पिशवीतल्या किल्ल्यांनी किंवा पान्याने शॉर्ट झाली तर ठिणगी पाडण्याइतकं तिच्यात शिल्लक असतं.